पिसाट मुंग्यांचा पाहुणचार

वर्धननं नोटीस दारावर चिकटवली नाही, माझ्या हातात दिली. माझ्या पोटी जन्म घेतल्याचं एवढं तरी भान त्यानं ठेवलं.

"मनातल्या मनात वाच, आई," तो म्हणाला. "समोरून आण्णा बघालेत."

मी मुद्दाम मोठ्यानं वाचली. "नेमगोंडा नगर, घर क्रमांक एकोणीस. सदर घरावर द्वारपाल यंत्र बसवलेले नसून घराभोवती आक्रमक मुंग्यांची संख्या मर्यादेच्या अकरापट आढळली आहे. सबब हे घर स्रोत-घर म्हणून घोषित करण्यात येत आहे. पंधरा दिवसांत यंत्र न बसवल्यास घर रिकामे करून त्यात वायू सोडण्यात येईल व ते सहा महिने बंद ठेवण्यात येईल." खाली सही होती. कीटक नियंत्रण प्राधिकरणाच्या वतीने, वर्धन चौगुले, विभागीय अभियंता.

"सही झकास आलीय की तुझी," मी म्हटलं. "सातवीत प्रगतिपुस्तकावर माझी सही ठोकायचास, तेव्हापासनं हात बसलाय."

तो हसला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून चष्मा पुसत राहिला. "आई, ऐक. यंत्र आज बसवतो, अर्ध्या तासाचं काम आहे. ते नको असेल तर पुण्याला चल. तुझी खोली तयार आहे. सहा महिन्यांनी पुढचं बघू."

"पुढचं म्हणजे काय बघू?"

"घर ठेवायचं का विकायचं ते."

म्हणजे असं होतं तर. या घरात मी सदतीस वर्षं काढली. वर्धनचा बाप इथंच मधल्या खोलीत गेला, त्याच्या हातचा मोगऱ्याचा मांडव अजून मागच्या अंगणात आहे. आणि आता मुंग्यांचं निमित्त करून मला सतराव्या मजल्यावर नेऊन ठेवायचं चाललं होतं, गॅलरीतल्या कुंडीसारखं, दोन्ही वेळ पाणी घालायला. मला ते मान्य नव्हतं. आजही नाही.

"दोन्ही नको," मी म्हटलं. "यंत्रही नको आणि पुणंही नको. चहा घेणार का?"

तो चहा न घेता गेला.

आता मुंग्यांचं सांगते. सत्तावीस वर्षं मी कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते, त्यामुळे मुंगी ओळखणं मला स्वयंपाकाइतकं येतं. आमच्या शिरोळ तालुक्यातल्या मुंग्या सगळ्यांच्या ओळखीच्या. साखरेच्या डब्याला लागणारी बारकी काळी, चावली की आगआग करणारी लाल, झाडावरचा मोठा मुंगळा. सहा वर्षांपूर्वी, २०३५ साली, नर्सरीतल्या शोभेच्या झाडांच्या मातीतून चौथी आली. फिकट पिवळी, पाय आणि मिशा अंगाच्या मानानं भलत्याच लांब, कंबरेला एकच गाठ. आमची लाल मुंगी भिंगाखाली धरलीत तर कंबरेला दोन गाठी दिसतात. भिंग नसेल तर मुंग्यांच्या वाटेवर बोट आडवं ठेवा. काळी मुंगी बोटाला वळसा घालून पुन्हा ओळीत येते. ही येत नाही. ही चहूकडे सैरावैरा धावत सुटते, म्हणून लोकांनी तिला पिसाट नाव दिलं. तिला नांगी नाही, ती पोटातून आम्ल फवारते. माणसाच्या कातडीला चुणचुण होते, पण कोंबडीच्या पिल्लाचे, करडाचे डोळे जातात.

तिची खरी ताकद वेगळीच आहे. मुंग्या एकमेकींना अंगावरच्या मेणाच्या वासानं ओळखतात. एका वारुळाचा एक वास. परक्या वासाची शेजारीण आली की मारामारी, आणि त्या मारामारीत दोन्हीकडची संख्या आटोक्यात राहते. पिसाट मुंगीची मात्र कोसभर पसरलेली सगळी वारुळं एकाच वासाची, एकाच भावकीतली. भावकी असून भांडण नाही, हे आम्हा माणसांना कधी जमलं नाही, त्यांना जमलं. शिवाय वारुळात राणी एक नसते, शंभर-दीडशे असतात.

द्वारपाल यंत्र निघालं ते याच वासावर. घाबरलेली मुंगी एक वास सोडते. तो आला की बाकीच्या अंडी तोंडात धरतात, राण्यांना बाहेर काढतात आणि सगळं बिऱ्हाड दुसरीकडे पळतं. हवेत तो वास मिनिटभरात विरतो. प्राधिकरणाचं सगळं काम वर्धनच्या कंपनीकडे आहे, तिथल्या लोकांनी तो तीन महिने टिकेल असा तयार केला. यंत्र म्हणजे दाराच्या चौकटीवर बसवायची, जेवणाच्या डब्याएवढी पेटी. तिचं नाक मुंगीचा वास ओळखतं आणि तोंड भीतीचा वास फवारतं. ते नाक बनवण्यात वर्धनचा मोठा वाटा होता.

आणि यात एकही मुंगी मरत नव्हती. आमच्या नगरात निम्म्याहून जास्त घरं आम्हा जैनांची. जमीन फुंकून बसायचं, पाणी गाळून प्यायचं, मुंगी दिसली तर पाय वाचवून टाकायचा, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. न मारता मुंगी जाते म्हटल्यावर लोकांनी पेट्यांसाठी रांगा लावल्या. अडतीसपैकी सदतीस घरांवर त्या बसल्या. उद्घाटनाला पेढे वाटले. माझा मुलगा व्यासपीठावर बसला आणि मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

प्रात्यक्षिकाला काचेच्या पेटीत वारूळ ठेवलं होतं. वास सोडला तसे त्या मुंग्यांचे पांढऱ्या अंड्यांसकट लोंढे बाहेर पडले. मी भिंग काढून बघितलं आणि विचारलं, "ह्या जातात कुठं?"

"बाहेर," वर्धन म्हणाला.

"बाहेर म्हणजे कुठं?"

"आई, बाहेर म्हणजे बाहेर."

तिथंच माझं मन फिरलं. मी पेटी बसवू दिली नाही.

बाहेर म्हणजे कुठं, ते पुढच्या तीन वर्षांत कळलं. एक माझं अंगण, आणि दुसरी ओढ्यापलीकडची वस्ती. तिथल्या पत्र्याच्या घरांना ना सोसायटी ना यंत्र. नोटीस आली त्याच संध्याकाळी नसीमा मुल्लाणी तिथून आली. ती शिवणकाम करते, माझे ब्लाउज तीच शिवते. आज तिच्या काखेत कापड नव्हतं, करडू होतं.

"वहिनी, बघा. दुसरा डोळा बी गेला याचा."

करडाच्या दोन्ही डोळ्यांवर दुधाळ साय धरली होती. ते माझ्या पदराला तोंड घासत होतं. मला भयंकर राग आला, आणि तो मुंग्यांचा नव्हता.

"तुम्हाला नोटीस आली म्हणं," नसीमा म्हणाली. "आता तुमच्या दारावर बी पेटी बसली की हितल्या समद्या आमच्याकडं. आमी कुटं जायचं?"

"पेटी बसवणार नाही मी."

"मग काय करणार?"

"मारणार," मी म्हटलं.

हा शब्द आमच्या घरात मुंगीबद्दल कुणी उच्चारला नव्हता. माझं मलाच कसंसं झालं. पण तो मागे घ्यावा असं वाटलं नाही.

मारण्यातलं आम्हा चौगुल्यांना काय कळतंय! नसीमाला कळत होतं. झुरळांच्या गोळ्या करायच्या तशा तिनं केल्या. कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर निम्मी, कणीक निम्मी, वर साखर, आणि सगळं दुधात मळून सुपारीएवढ्या गोळ्या. आम्ही दोघींनी मिळून साठ गोळ्या वळल्या आणि माझ्या अंगणात कौलांच्या तुकड्यांखाली ठेवल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक गोळीभोवती मेलेल्या मुंग्यांचा सडा. नसीमा खुशीत टाळी द्यायला लागली.

"झाडूनं भरा वहिनी, झाडूनं!"

चौथ्या दिवशी मुंग्या दुप्पट झाल्या.

मी पायरीवर बसून डोकं धरलं. मग भिंग घेतलं आणि निमूट बघत बसले, प्रयोगशाळेत बसायचे तशी. मेलेल्या सगळ्या गोळीपासून वीतभर अंतरात पडलेल्या. तिथं माझी चूक मला कळली, आणि सत्तावीस वर्षांच्या नोकरीची लाज वाटली. झुरळ एकटं खातं आणि एकटं मरतं. मुंगीला पोटं दोन. एक स्वतःचं आणि दुसरं सगळ्या बिऱ्हाडाचं. त्या दुसऱ्या पोटातलं अन्न ती घरी नेऊन तोंडातोंडानं वाटते, ते शेवटी राणीपर्यंत जातं. राणी स्वतः घराबाहेर पडत नाही. आमचं विष इतकं जहाल होतं की नेणारी वाटेतच मरत होती आणि राणी सुखानं अंडी घालत होती.

विष कमी हवं होतं. खाल्लेल्या मुंगीनं दोन-तीन दिवस तरी हिंडतं-फिरतं राहिलं पाहिजे. अर्धा लिटर कोमट पाणी, मूठभर साखर आणि बोरिक पावडर सपाट एक चमचा, शीग लावायची नाही. त्यात कापसाचे बोळे भिजवून औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांत ठेवायचे, आणि करडाचं वा पोराचं तोंड पोचणार नाही असं वरून कौल.

"एवढ्याशानं मरतील व्हय?" नसीमाला पटेना.

"आपल्याला मारायचं नाहीच त्यांना. त्या घरी घेऊन जातील, त्यांची राणी मरेल. फक्त तीन आठवडे दम धरायला पाहिजे."

माझ्या हातात अकरा दिवस होते.

आणि दुसरी अडचण त्याहून मोठी निघाली. जुन्या पोस्टकार्डांना गूळ चोपडून मी ती नगरभर ठेवली होती, प्रत्येक घराच्या भिंतीपासून तीन फुटांवर, सहा फुटांवर, दहा फुटांवर. तासाभरानं मुंग्या मोजून वहीत लिहायच्या. यंत्र बसलेल्या घरांच्या उंबऱ्यावर शून्य. तीन फुटांवरही शून्य. सहा फुटांवर मात्र शेकड्यांनी. भीतीचा वास जिथं संपतो नेमक्या तिथं, कुंड्यांखाली, फरशीच्या फटीत, वीजमीटरच्या पेटीत, प्रत्येक घराभोवती वारुळांचं कडं. यंत्रं बसली तेव्हा मी नगरात चौदा वारुळं मोजली होती. आता एक्याण्णव. शंभर राण्यांचं वारूळ भ्यालं की त्याची पाच बिऱ्हाडं होतात, आणि सदतीस पेट्या तीन वर्षं रात्रंदिवस त्यांना भिववत होत्या. त्या कड्यातल्या मुंग्या इतक्या बिथरलेल्या की माझ्या झाकणांकडे फिरकत नव्हत्या. पेट्या बंद केल्या आणि उंबरे साबणाच्या पाण्यानं धुतले, तरच त्या जेवायला येणार.

रविवारी सकाळी सोसायटीच्या सभागृहात मी वही उघडून हे सगळं सांगितलं. चेअरमन विद्याधर उपाध्ये शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला.

"म्हणजे चौगुले वहिनी, आम्ही आमची यंत्रं बंद करून मुंग्यांना घरात बोलवायचं?"

"हो. जेवायलाच बोलवायचं."

"आणि विष घालायचं?"

"हो."

"तुम्ही जैनाच्या घरच्या ना?"

 मला उत्तर येत होतं, ते दिलं. "जैनाच्याच घरची. म्हणून तर विचारते. त्या पेटीनं मुंगी मरत नाही म्हणून आपण खूश. ओढ्यापलीकडं करडांचे डोळे गेले, चिमण्यांची पिल्लं घरट्यात मेली, आपल्या देशी काळ्या मुंग्या नाहीशा झाल्या. ते कुणाच्या खात्यावर टाकायचं? मला पाप करायचंय ते मी माझ्या हातानं, माझ्या नावानं करणार आहे. दुसऱ्याच्या दारात सोडून हात धुणार नाही."

"भाषण चांगलं झालं," उपाध्ये म्हणाले. लोक हसले.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून बाळगोंडा आण्णा उठले. आण्णा माझ्या समोरच्या घरात राहतात. वय ब्याऐंशी. दर शनिवारी भाजलेल्या कणकेत साखर कालवून लिंबाच्या बुंध्याशी मुंग्यांना घालतात, पन्नास वर्षांत एक शनिवार चुकलेला नाही.

"काल हिच्याकडनं भिंग घेतलं मी," आण्णा म्हणाले. "लिंबाखाली बसून बघितलं. सगळ्या पिवळ्या. काळी एक बी न्हाई."  त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "मला आपलं वाटायचं, मी आपल्या मुंग्यांस्नी घालतोय. मी ह्यांना पोसलं, आणि ह्यांनी त्यांना खाल्लं. मी विष घालणार न्हाई. माझं व्रत हाय, ते मोडणार न्हाई. पण माझी पेटी आजपासनं बंद."

त्या दिवशी अकरा घरांनी पेट्या बंद केल्या. पुढच्या तीन दिवसांत चौतीस झाली. उपाध्यांसह तीन घरं मात्र जागची हलली नाहीत. ओढ्यापलीकडे नसीमानं घरोघरी झाकणं नेऊन दिली.

मग मुंग्या आल्या. भिववणारं कुणी नाही म्हटल्यावर त्या अशा आल्या की बघवेना. भिंतींवर पिवळे पट्टे, फ्रिजच्या रबरात, देवघरात, अंथरुणात. माणसं पलंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवून झोपू लागली. मला येता-जाता शिव्या पडत होत्या, काही तोंडावर. रोज कापसाचे बोळे बदलायचे आणि एकही मुंगी चिरडायची नाही, असा माझा हुकूम होता. चिरडली की ती भीतीचा वास सोडणार आणि केलेलं पाण्यात जाणार. बाराव्या दिवशी वर्धनची गाडी दारात थांबली.

"कंपनीच्या पडद्यावर चौतीस घरं आंधळी झालीत," तो दारातूनच म्हणाला. "मला वरून फोनवर फोन येतायत. तू माझी नोकरी घालवणार आई."

"आणि तू माझं घर घालवतोयस. फिटंफाट."

"बघ तरी काय करून ठेवलंयस! भिंती हलतायत मुंग्यांनी!"

मी वही त्याच्या पुढ्यात टाकली. त्यानं पानं उलटली. तीन फूट, सहा फूट, दहा फूट. तो माझ्यासारखाच आहे, आकडे दिसले की बोलणं विसरतो. 

"यंत्राची चाचणी करताना तुम्ही उंबऱ्याबाहेर मोजलं होतं का रे?" मी विचारलं.

तो वहीच्या पुन्हा पहिल्या पानावर गेला.

"वर्धन?"

"नाही," तो म्हणाला. "चाचणी घरातलीच होती. घरात मुंगी येते का नाही, एवढंच विचारलं होतं आम्हाला." मग वही मिटून त्यानं ती मला परत दिली. "पण आदेश निघालाय आई. तो माझ्या हातात नाही. आणि ह्या वहीवर कोण विश्वास ठेवणार?"

"तू ठेवतोस का?"

तो गाडीकडे वळला. तो गेल्यावर मी रडले. मुलगा परका झाला असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

सोळाव्या दिवशी सकाळी दहाला वायूची टाकी घेऊन गाडी आली, घरावर घालायचा भला मोठा निळा तंबू आला, तोंडाला मुखवटे लावलेली सहा माणसं आली. वर्धन त्यांच्याबरोबर होता. नियम असा की वायू सोडण्याआधी कर्ण्यातून तीनदा विचारायचं, आणि आतून कुणी बोललं नाही तर अभियंत्यानं घर रिकामं असल्याची नोंद करायची. माणूस आत असेल तर वायू सोडता येत नाही. आदेशाची मुदत दहा दिवस, तेवढ्यात काम झालं नाही तर तो आपोआप रद्द होतो आणि सगळं नव्यानं तपासावं लागतं. हे मला वर्धननंच दोन वर्षांपूर्वी जेवताना सांगितलं होतं. शिकवलेलं वाया जात नाही.

"घरात कोणी आहे का?" कर्ण्यातून माझ्या मुलाचा आवाज आला.

"आहे!" मी खिडकीतून ओरडले.

"आई, बाहेर ये."

"हे कर्ण्यातून विचारायचं नाही. नियमात नाही तुमच्या."

मुखवट्यांतली दोन माणसं हसली. तीनदा विचारून, तीनदा माझं ऐकून गाडी संध्याकाळी गेली. दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा आली. त्या दिवशी पेट्या बंद ठेवलेल्या बाकी घरांनाही नोटिसा निघाल्या, अगदी आण्णांनाही.

"घरात कोणी आहे का?"

"आहे!" मी म्हटलं. आणि समोरून आण्णांचा म्हातारा आवाज आला, "हितं बी हाय!" मग त्यांच्या शेजारच्यांचा. मग कोपऱ्यावरच्या मगदुमांच्या सुनेचा. तिसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडूनही आवाज आले. तिकडे नोटीसही नव्हती आणि कुणी विचारलंही नव्हतं. रोज दहा वाजले की कामं टाकून माणसं खिडकीत येऊन उभी राहायची. मला शिव्या देणारीही त्यात होती.

मी आठ दिवस पुढच्या दाराचा उंबरा ओलांडला नाही. भाजी नसीमा खिडकीतून द्यायची.

तेविसाव्या दिवशी सकाळी मागच्या खिडकीखाली मला पहिली राणी दिसली. मुंग्या आपले मुडदे घराबाहेर एका ठिकाणी नेऊन टाकतात, त्या ढिगावर ती पडली होती. कामकरी मुंगीच्या तिप्पट, जाड पोटाची, पाठीवर गळून गेलेल्या पंखांचे वण. संध्याकाळपर्यंत सात झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एकोणतीस. भिंतीवरचे पट्टे विरळ होत चालले होते, उरलेल्या मुंग्या चालतानाही अडखळत होत्या.

मला आनंद झाला. आणि तरीही मी देवापुढे बसून णमोकार म्हटला, त्या जिवांची क्षमा मागितली, हे निपटलं की तीन उपास करायचं ठरवलं. आणि उठून झाकणांतलं पाणी बदललं. क्षमा मागितली म्हणून मी थांबले नाही. हे सगळ्यांना आवडेल असं नाही. नाही आवडलं तर नाही.

त्या दिवशी तीनदा विचारून झाल्यावर वर्धन खिडकीशी आला. मेलेल्या राण्या वेचून ठेवलेली बशी मी गजांतून बाहेर सरकवली आणि वर भिंग ठेवलं. तो भर उन्हात उभा राहून एकेक राणी बघत होता. तिकडे गाडीवरची माणसं त्याला हाका मारत होती.

"किती?" त्यानं विचारलं.

"ह्या एकोणतीस. आण्णांकडं अठरा, माझ्या झाकणांतलं पाणी पोचलं तिकडं. नसीमाकडच्या अजून मोजायच्यात."

"आमच्या यंत्रानं तीन वर्षांत एकही राणी मेली नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "प्रत्येक अहवालात मी तेच मोठ्या अक्षरात लिहायचो."

"चुकलं ते चुकलं. मी पण साठ गोळ्या वळल्या होत्या."

त्यानं बशी परत दिली. भिंग मात्र खिशात घातलं, आणि ते माझं आहे हे मी त्याला सांगितलं नाही.

दुसरा दिवस आदेशाचा शेवटचा होता. सकाळी आठला मागच्या दाराची कडी वाजली. वर्धन होता. खांद्यावर पिशवी, अंगात साधा शर्ट, कंपनीचं जाकीट नाही. गाडीही नव्हती, एसटी स्टँडवरून चालत आला होता.

"चहा?" मी विचारलं.

"टाक," तो म्हणाला. "साखर जरा बेतानं घाल."

इतक्या दिवसांनी आम्ही दोघं एकदमच हसलो.  त्यानं मधल्या खोलीत पिशवी ठेवली, माझ्या हातातला कापूस घेतला आणि अंगणातली सगळी झाकणं भरून आला.

दहाला गाडी आली. कर्ण्यातला आवाज आज वेगळा होता, कुणा नव्या माणसाचा, घाईचा. आज काम करूनच जायचं असं त्याला सांगून पाठवलेलं असणार.

"घरात कोणी आहे का?"

मी हातातला कप ठेवून उठेपर्यंत वर्धन खिडकीत पोचला होता.

"आहे!" तो ओरडला.

कर्णा खरखरला. आत म्हातारी बाई एकटी असते, एवढंच त्या माणसाला ठाऊक असावं. नियमात नसलेला प्रश्न त्यानं विचारला. "कोण आहे?"

समोर आण्णा खिडकीत थबकले. सगळी गल्ली कान देऊन होती.

"वर्धन चौगुले," माझा मुलगा म्हणाला. त्यानं दोन्ही हातांनी गज घट्ट धरले होते आणि त्याचा आवाज ओढ्यापलीकडे जाईल एवढा मोठा होता. "घर नंबर एकोणीस. मी ह्याच घरचा आहे, आणि घर रिकामं असल्याची नोंद इथं कुणी करणार नाही. गाडी मागं घ्या."